पोटाखालचा पत्रा

लिफ्ट केलेला, म्हणजे मुद्दाम उंच केलेला ट्रक लोक बाजूने बघतात. फोटो पण बाजूनेच काढतात, चाकाच्या कमानीत किती मोकळी जागा, टायर केवढा, नाक किती वर, सगळं बाजूनेच दिसतं आणि दिसतं छान, त्यात वादच नाही. मला मात्र अशी गाडी दिसली की आधी खाली वाकायची सवय लागलीये. एक गुडघा टेकायचा, मान वाकडी करायची आणि पुढच्या बंपरखालून मागे बघायचं. बऱ्याचदा काय दिसतं, तर वर एवढा थाट आणि खाली कंपनीने दिलेला तोच पातळ पत्रा, त्याच्या मागे काळं प्लास्टिक, आणि त्याच्याही मागे गिअरबॉक्सचं उघडं पोट.

गंमत अशी आहे की लिफ्ट आणि स्किड प्लेट, म्हणजे पोटाखाली लावायचा जाड संरक्षक पत्रा, या दोन गोष्टी एकाच माणसाच्या यादीत शेजारी शेजारी असतात, पण दोघींचं म्हणणं एकमेकांच्या अगदी उलट. लिफ्ट म्हणते आपण खाली लागणारच नाही. प्लेट म्हणते लागणार आहेच, तर कुठे लागायचं ते आधी ठरवून घेऊ. मी या दुसऱ्या पार्टीतला. पण माझी गाडी लिफ्ट केलेली आहे, म्हणजे दोन्हीकडे पाय आहेत, आणि हे दोन्ही एकाच चेसिसवर बसवायला घेतलं की त्यांचं भांडण मिलिमीटरमध्ये सुरू होतं.

आधी लिफ्टने नक्की काय उचललं ते बघू, कारण इथे खूप लोकांचा घोळ असतो. मागे सॉलिड अॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा असेल तर डिफचा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलचा) गोळा चाकांच्या मध्येच असतो, तो चाकांबरोबर जमिनीपासून तेवढाच उंच राहतो, तुम्ही स्प्रिंग बदला नाहीतर शॅकल. तो वर जायचा एकच रस्ता म्हणजे मोठा टायर, आणि तिथेही ३१ इंचाचा काढून ३३ चा टाकला तर व्यास दोन इंच वाढला तरी गोळा एकच इंच वर जातो, कारण जमिनीपासून अॅक्सलपर्यंत अर्धा टायरच असतो. पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक स्वतंत्र वरखाली होतं ते) असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डिफ चेसिसला बांधलेलं असतं म्हणून चेसिस वर गेली की ते पण वर जातं. आणि बॉडी लिफ्ट तर आणखी मजेशीर, त्यात फक्त केबिन आणि हौदा चेसिसपासून वर उचलतात, इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) सगळं जिथे होतं तिथेच. बाजूने बघितलं तर गाडी उंच झाली, खालून बघितलं तर काहीच झालं नाही.

आता पोटाचा हिशोब. दोन चाकांच्या मध्ये एखादा उंचवटा आला की तो पोटाला लागणार की नाही हे ठरतं व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) आणि मधल्या उंचीवर. समजा व्हीलबेस ३१०० मिमी आणि मध्ये जमिनीपासून २३० मिमी. म्हणजे ब्रेकओव्हरचा, पोट न लागता उंचवटा ओलांडायचा कोन साधारण १६.९ अंश. ५० मिमी लिफ्ट केली, २८० झाले, कोन २०.५. बरं वाटतं. मग खाली प्लेट लावली, ती तिच्या ब्रॅकेट आणि बोल्टसकट २० मिमी खाली लोंबते असं धरू, २६० उरले, कोन १९. म्हणजे लिफ्टने जे साडेतीन अंश दिले त्यातला दीड अंश प्लेटने परत घेतला. हा आकडा मांडून झाल्यावर मी बराच वेळ कागदाकडे बघत बसलो होतो, कारण जाहिरातीत दोन्ही वस्तू अधिक म्हणूनच विकल्या जातात, वजाबाकी कुठेच लिहिलेली नसते. तरी लावावी का? हो, लावावी. १९ अंशांवर प्लेट घासणं हे २०.५ अंशांवर चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) फुटण्यापेक्षा कधीही परवडलं.

उंचीची अजून एक बाजू आहे ती कमी बोलली जाते. गाडी जितकी वर तितका ड्रायव्हरही वर, आणि बॉनेटच्या पुढचा न दिसणारा पट्टा तेवढा लांब. जो दगड पोटाला लागणार तो लागायच्या कितीतरी आधीच नजरेआड गेलेला असतो. त्याच्या आठवणीवर गाडी चालवायची असते. म्हणजे लिफ्टने दगड थोडा छोटा केला पण थोडा अदृश्यही केला.

खाली आहे काय एवढं जपण्यासारखं? पुढून सुरुवात केली तर रेडिएटरची खालची कड, मग स्टीअरिंग रॅक, आजकाल बऱ्याच गाड्यांत तो इलेक्ट्रिक असतो म्हणजे मोटर आणि वायरी तिथेच. मग पुढचं डिफ. मग इंजिनचं चेंबर. चेंबर कधी दाबलेल्या पत्र्याचं असतं, कधी ओतीव अॅल्युमिनियमचं, आणि या दोघांचं मरण वेगळं. पत्र्याचं आत दबतं, त्यातल्या ऑइल पिकअपची नळी चेंबरच्या तळापासून अगदी थोड्या अंतरावर असते, तळ वर आला की तिचं तोंड बंद, बाहेर थेंबभर गळती नाही पण इंजिनला ऑइल नाही. ओतीव असेल तर ते दबत नाही, सरळ तडकतं, आणि सगळं ऑइल दगडावर. मला विचाराल तर दुसरं बरं, निदान लगेच कळतं. त्याच्या मागे गिअरबॉक्स, ऑटोमॅटिक असेल तर खाली पातळ पत्र्याचा पॅन, मग ट्रान्सफर केस, जी पुन्हा ओतीव, आणि मग बाजूला प्लास्टिकची डिझेलची टाकी.

कंपनीचा जो पत्रा पुढे असतो तो खोटा नसतो, पण त्याचं काम वेगळं. उडणारी खडी, चिखल, थोडीशी घासाघीस. त्याच्यावर गाडीचं वजन टेकवायचं असा विचार करून तो केलेलाच नसतो. आणि प्लास्टिकचं जे कव्हर असतं ते हवा नीट वाहावी, पाणी वर उडू नये यासाठी. त्याला दोष देऊन उपयोग नाही.

मग प्लेट घ्यायची ठरली की पहिला प्रश्न, लोखंड की अॅल्युमिनियम. यावर लोक तावातावाने भांडतात. मी जरा बेरीज-वजाबाकी करून बघितली. बाजारात जास्त करून दीड सूत स्टील, म्हणजे पावणेपाच मिलिमीटर, आणि दोन सूत अॅल्युमिनियम, म्हणजे ६.३५ मिमी, हे दोन पर्याय समोरासमोर असतात. एक चौरस मीटर स्टील झालं ३७ किलोच्या वर आणि तेवढंच अॅल्युमिनियम १७ किलो. अर्ध्यापेक्षा कमी. आणि ताठपणा? अॅल्युमिनियम मुळात स्टीलच्या साधारण एक तृतीयांश ताठ, पण वाकण्याच्या बाबतीत जाडीचा घन मोजला जातो, जाडी तेहतीस टक्के वाढली की ताठपणा २.३७ पट, म्हणून हिशोब शेवटी स्टीलच्या ऐंशी-ब्याऐंशी टक्क्यांवर येऊन थांबतो. अर्ध्याहून कमी वजनात ऐंशी टक्के. कागदावर अॅल्युमिनियम जिंकलं.

पण दगड कागद वाचत नाही. अॅल्युमिनियम मऊ, त्यामुळे धारदार दगडाची कड त्यात रुतते, चर पाडते, आणि रुतली की गाडी घसरायची थांबते. स्टील घसरतं. आवाज भयंकर करतं पण घसरतं. प्लेटचं निम्मं काम हेच आहे ना, की टेकल्यावर पुढे सरकत राहणं. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडामध्ये रुबिकॉन ट्रेल आहे, तिथे सगळा ग्रॅनाइट, मोठमोठे धोंडे, अशा ठिकाणी पोटावरूनच जायचं असेल तर मी स्टीलच म्हणेन. युटामधल्या मोअॅबकडे वालुकाश्म, तिथे टायर इतका पकडतो की पोट टेकायची वेळ मुख्यतः पायऱ्यांवर येते. आणि ज्याचा रस्ता बहुतेक मातीचा, चाकोऱ्यांचा, अधूनमधून दगडाचा, त्याने एवढं वजन उगाच वाहू नये, अॅल्युमिनियम घ्यावं. तिसरा एक प्रकार पण आहे, यूएचएमडब्ल्यू नावाचं चिवट पॉलिथिन, ते इतकं गुळगुळीत की दगडावर साबणाशिवाय सरकतं, काही लोक ते मेटलच्या प्लेटखाली चिकटवतात. पण ते १३० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपजवळ त्याचं काही खरं नाही.

अॅल्युमिनियम घेतलं तर ग्रेड बघा एवढं सांगेन. ५०५२ वाकवायला चांगलं. ६०६१-टी६ ताकदीला जास्त पण तीव्र घडीत तडा जायची भीती, आणि प्लेटला घड्या असतातच, पुढची वर वळलेली जीभ तर सगळ्यात मोठी घडी. आणि अॅल्युमिनियम लोखंडी चेसिसला टेकतं तिथे पाणी-मीठ मिळालं की गंजायचं काम अॅल्युमिनियमकडे येतं. स्टेनलेसचे चकचकीत बोल्ट दिसायला छान, पण या बाबतीत आणखी वाईट. झिंक प्लेटिंगचे साधे ८.८ ग्रेडचे बोल्ट घ्यावेत, मध्ये रबर किंवा नायलॉनचा वायसर.

आता बसवायचं. इथेच लिफ्ट आडवी येते.

प्लेट ज्याने बनवली त्याने मोजमाप घेतलं ते कंपनीतून आली तशा गाडीवर. तुमच्या गाडीत लिफ्ट झाल्यावर चाकं चेसिसच्या मानाने खाली गेली, डिफ चेसिसलाच, त्यामुळे दोघांमधल्या सीव्ही शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) कोन वाढला, जास्त वाढला तर त्याच्या सांध्यांवरची आवरणं, म्हणजे बूट, घासून फाटतात, ग्रीस उडतं, म्हणून लिफ्टवाले डिफ पंचवीसेक मिलिमीटर खाली उतरवायचे स्पेसर देतात. चांगलीच गोष्ट आहे. पण डिफ खाली आलं म्हणजे प्लेटकडे आलं. चार-सहा इंचांच्या मोठ्या किटमध्ये तर मूळ क्रॉसमेंबर (चेसिसचा आडवा तुकडा) कापून टाकून खाली उतरलेला नवा बसवतात, तिथे मूळ भोकंच राहत नाहीत आणि स्टॉक गाडीसाठीची प्लेट सरळ परत पाठवायची, जुगाड करू नये. शिवाय बऱ्याच किटमध्ये अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) पण ब्रॅकेट लावून खाली-पुढे सरकवलेला असतो, तो नेमका प्लेटच्या जिभेला शिवतो. हे सगळं ऑर्डर द्यायच्या आधी टेप घेऊन गाडीखाली झोपल्याशिवाय कळत नाही, आणि झोपायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो.

माझ्याकडे दोन इंची लिफ्ट आणि डिफ ड्रॉप, म्हणजे मधला प्रकार. प्लेट बसते पण डिफच्या बुडाला चिकटते. आणि चिकटणं चालत नाही. प्लेट म्हणजे भिंत नाही, ती दगडावर आदळली की लवते, आणि लवल्यावर तिच्यामागे मोकळी जागा पाहिजे, किमान १२ मिमी, शक्यतो २०-२५. नाहीतर दगडाचा धक्का प्लेटमधून थेट डिफच्या किंवा चेंबरच्या ओतीव अंगावर, मग प्लेट होती काय आणि नव्हती काय. ही जागा मोजायला एक साधी युक्ती आहे, चेंबरच्या आणि डिफच्या सगळ्यात खालच्या टोकाला मऊ मातीचा गोळा चिकटवायचा, तोच मुलांच्या खेळातला, प्लेट तात्पुरती लावायची, परत काढायची आणि दबलेल्या मातीची जाडी मोजायची. डोळ्यांनी अंदाज घेण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

जागा कमी निघाली की उपाय म्हणजे प्लेटलाही स्पेसर. इथे माझं मत थोडं कडक आहे. स्पेसर जितका लांब तितका बोल्ट उघडा, आणि दगड प्लेटला मागे ढकलतो तेव्हा तो लांब बोल्ट वाकायला मोकळा होतो. दहा-बारा मिलिमीटर ठीक, जाड भिंतीची नळी घेऊन. त्याच्या पुढे गेलं तर स्पेसरची चळत लावायची नाही, वेल्डिंग करून नीट ब्रॅकेट बनवून घ्यायचा. वायसरवर वायसर रचून केलेली कामं मी बघितली आहेत, बोल्ट अक्षरशः वाकून एस आकाराचे झालेले.

नटबोल्टचं काम खरं तर आदल्या दिवशी सुरू होतं. जुने बोल्ट, गंजलेले, त्यांच्यावर गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवायचं आणि रात्रभर विसरून जायचं. चेसिसमधले नट आतून वेल्ड केलेले असतात, बंद पेटीसारख्या भागात, हात पोहोचत नाही. बोल्ट अडकला आणि चिडून लांब पाइप लावून जोर दिला तर दोनच शक्यता, बोल्ट तुटतो किंवा आतला नट वेल्डमधून सुटून बोल्टबरोबर गोल गोल फिरायला लागतो. हे दुसरं जास्त वाईट. मग चेसिसला खिडकी कापा, नाहीतर पट्टीवर नट वेल्ड करून ती पट्टी कुठल्यातरी भोकातून आत सरकवा, मासेमारीच म्हणायची. म्हणून घाई नाही. थोडा सोडायचा, थोडा परत आवळायचा, पुन्हा सोडायचा, आट्यांमधला गंज भुकटी होऊन बाहेर येतो. सगळे बोल्ट निघाले की प्रत्येक नटात योग्य मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हाताने फिरवून आटे साफ करून घ्यायचे. कंटाळवाणं काम, पण नवीन बोल्ट बोटांनी आत गेला पाहिजे. पाना लावून पहिला आटा धरायला लागला तर तो तिरका चाललाय असंच समजायचं.

गाडी जॅकवर उचलून खाली जाणाऱ्या माणसाला मी मित्र मानत नाही. जॅक उचलायला, धरून ठेवायला घोड्या (जॅक स्टँड). चाकांना पुढे-मागे ठोकळे, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, आणि खाली शिरायच्या आधी घोड्यांवरच्या गाडीला बाजूने एक जोरदार धक्का. हलली तर आत्ताच हलू दे. लिफ्ट केलेल्या गाडीचा एक फायदा असा की बऱ्याच वेळा न उचलताच खाली सरकता येतं, आणि खरं सांगायचं तर या कामात मला लिफ्टचा झालेला सगळ्यात निर्विवाद उपयोग हाच.

स्टीलची इंजिन प्लेट वीस-पंचवीस किलोची असू शकते. आडवं झोपून छातीवरून ती वर ढकलत एका हाताने बोल्ट शोधणं हा प्रकार व्हिडिओत सोपा दिसतो. ट्रॉली जॅकवर लाकडी फळी, फळीवर प्लेट, आणि हळूहळू पंप. पलीकडून दुसरं कोणीतरी हवंच. माझ्याबरोबर एक मित्र असतो, त्याचं निम्मं बोलणं ओरडण्यात जातं, "थांब थांब, वर नको घेऊ, पुढचा आटाच लागला नाहीये अजून." आणि तो बरोबर असतो. सगळे बोल्ट आधी दोन-तीन आटे नुसते हाताने लावायचे, एकही आवळायचा नाही. प्लेट लोंबत राहू दे. एक कोपरा आधी आवळला की समोरच्या कोपऱ्यातलं भोक नेहमी तीन मिलिमीटर बाजूला गेलेलं असतं, हा या कामाचा अलिखित नियम.

भोकं लांबट असतात त्याला कारण आहे. चेसिस काटेकोर नसतात, एक. आणि मेटल तापल्यावर वाढतं, दोन. एक मीटर अॅल्युमिनियम पन्नास अंशांनी तापलं तर सव्वा मिलिमीटरच्या आसपास वाढतं, स्टीलची चेसिस त्याच्या निम्मीच. गोल घट्ट भोक असेल तर हा फरक बोल्टला सोसावा लागतो. तिसरं म्हणजे चेसिस स्वतः पिळते. एक पुढचं चाक दगडावर, उलट्या बाजूचं मागचं चाक खड्ड्यात, तेव्हा शिडीसारखी चेसिस दोन्ही टोकांना उलट दिशेने वळते, आणि दोन्ही रेलना जोडणारी लांब प्लेट त्या पिळाच्या मध्ये येते. करकर आवाज येतो तो बऱ्याचदा याचा.

आणि मग प्लेटवर प्लेट. इंजिनची, गिअरबॉक्सची, ट्रान्सफर केसची अशा तीन असतील तर सांध्यावर कोण वर कोण खाली याला महत्त्व आहे. कौलं शाकारताना जसं वरच्या कौलाचं टोक खालच्यावर येतं, म्हणजे वाहणारं पाणी सांध्यात शिरत नाही, अगदी तसंच पुढच्या प्लेटची मागची कड मागच्या प्लेटच्या पुढच्या कडेला खालून झाकते, म्हणजे गाडी पुढे जाताना दगड एका प्लेटवरून दुसरीवर न अडकता उतरतो. म्हणून बसवताना मागची प्लेट आधी, पुढची नंतर, आणि काढताना उलट. फक्त ही सगळी रचना पुढे जाण्यासाठी आहे. चढावर अडकलात आणि रिव्हर्स घेतला की तीच कड आता दगडाला कुऱ्हाडीसारखी लागते. दगडावर बसलेली गाडी मागे घेताना प्लेट फाटते, बोल्टची डोकी उडतात, बहुतेक नुकसान तिथेच होतं. बोल्टची डोकी खोलगट वायसरमध्ये बुडलेली हवीत किंवा प्लेटलाच तशी खळगी हवी. बाहेर आलेलं षटकोनी डोकं दगडावर एकदा घासलं की ते गोल होतं आणि पुढच्या ऑइल चेंजला पाना नुसता फिरतो.

आवळायचं किती? एम८ (८ मिमी जाडीचा) ८.८ चा बोल्ट साधारण २५ न्यूटनमीटर, एम१० पन्नासच्या जवळ, पण किटबरोबर किंवा गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच पाळायचा. आट्यांना अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ नये म्हणून लावायचा लेप) लावला असेल तर घर्षण कमी होतं, त्यामुळे त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, हे विसरून पूर्ण आकडा लावणारे बोल्ट तोडून बसतात. आणि काहीशे किलोमीटर झाले की परत सगळे तपासायचे, कारण रंग दबतो, रबर बसतं, बोल्ट आपोआप ढिले वाटायला लागतात.

सगळं करून गाडी खाली घेतल्यावर स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, एक-एक पुढचं चाक उचलून पूर्ण लोंबतं सोडून बघायचं, काही घासतंय का. सीव्ही बूट, टाय रॉड, ब्रेकची नळी. लिफ्टवाल्या गाडीत चाक जास्त खाली लोंबतं म्हणून स्टॉक गाडीवर जे कधीच शिवलं नसतं ते इथे शिवतं.

वजनाचं पण बोलून घेतो. समजा पूर्ण स्टील सेट ७० किलो. निम्म्याहून जास्त पुढच्या स्प्रिंगवर, म्हणजे लिफ्टमधले काही मिलिमीटर परत खाली. पण एक गोष्ट लोक मोजत नाहीत. लिफ्टने गुरुत्वमध्य वर गेलेला असतो आणि हे वजन गाडीत सगळ्यात खाली लटकतं. २२०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य ८०० मिमीवर आणि प्लेट ३०० वर धरली तर ७० किलोंनी तो पंधराएक मिलिमीटर खाली येतो. फार नाही. पण तिरक्या उतारावर मला यातला प्रत्येक मिलिमीटर हवा असतो.

लावल्यानंतर जे बदलतं त्यात पहिला आवाज. खडी आता ताशासारखी वाजते. आधी जे कळतच नव्हतं ते सगळं ऐकू येतं, आणि सुरुवातीला दर दोन मिनिटांनी वाटतं काहीतरी तुटलं. नंतर कान शिकतो. खडीचा आवाज वेगळा, सुटलेल्या बोल्टचा वेगळा, आणि पूर्ण वजन टेकल्याचा तर आवाजच नसतो, तो सीटमधून कळतो, गाडी क्षणभर हलकी होते कारण चाकांवरचं वजन पोटावर आलं. तिथे अॅक्सिलरेटर दाबायचा नाही.

दुसरं म्हणजे उष्णता आणि कचरा. खालून हवा जायची ती अडते, म्हणून चांगल्या प्लेटला जाळ्या, फटी असतात. ऑटो गिअरबॉक्स असेल तर त्याच्या ऑइलचं तापमान बघत राहावं, १२० अंशांच्या वर ते लवकर खराब होतं. फटींमधून चिखल आत शिरतो, सुकतो, ओल धरून ठेवतो, चेसिस आतून गंजायला बसते. आणि वाळलेलं गवत. हे मी सगळ्यात गंभीरपणे सांगतो. उंच गवतातून गेलं की प्लेट आणि एक्झॉस्टच्या मध्ये गवताची गादी जमा होते, डिझेल गाडीत डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) सफाई चालू झाली की तिथलं तापमान ६०० अंशांच्या घरात जातं. गाड्या जळतात त्या अशा. गवतातून बाहेर आल्यावर थांबायचं, टॉर्च घेऊन वाकायचं, हाताने नाही तर काठीने ओढून काढायचं.

इंजिनची प्लेट काढून धुताना मी तिच्यावरचे ओरखडे बघतो. रंग तर पहिल्याच दगडाला जातो, त्याचं दुःख करू नये, आतल्या बाजूचा रंग जपावा. ओरखडे जवळजवळ सगळे लांबीच्या दिशेने, पण ज्या बाजूला मी बसतो त्याच्या उलट बाजूला दाट. म्हणजे माझ्या बाजूचा दगड मला नीट मोजता येतो आणि पलीकडचा मी अंदाजाने सोडून देतो, हे पत्र्याने लिहून ठेवलंय. मागच्या कडेजवळ एक-दोन खोल ठोके, ते पायरी उतरताना मागून लवकर ब्रेक सोडल्याचे. तिचा मधला भाग जवळजवळ कोरा. आणि ट्रान्सफर केसची प्लेट बघितली तर तिच्यावर अपेक्षेपेक्षा खूप जास्त खुणा, कारण ब्रेकओव्हरचा सगळा प्रकार तिथेच घडतो, गाडीच्या मध्यावर, आणि लोक मात्र पुढची चकचकीत प्लेट लावून थांबतात कारण ती बाहेरून दिसते.

म्हणून कोणी विचारलं तर मी क्रम उलटा सांगतो. आधी मधली प्लेट, मग इंजिनची, मग रॉक स्लाइडर (दारांखालचे संरक्षक पाइप), मग टायर, आणि लिफ्ट शेवटी, तीही टायर घासत असतील तरच. मागच्या शॉकच्या खालच्या टोकांना छोट्या प्लेटा मिळतात, सॉलिड अॅक्सलवर ती जागा बरीच खाली असते, त्या कोणी फोटो काढून टाकत नाही पण मला त्या डिझेल टाकीच्या प्लेटपेक्षा आधी घ्याव्याशा वाटतात. ज्यांची गाडी आधीच लिफ्ट झालीये त्यांनी प्लेटवाल्याला मेल करताना लिफ्ट किती, डिफ ड्रॉप आहे का, अँटी-रोल बार हलवलाय का, या तीन गोष्टी स्वतःहून सांगून टाकाव्यात, तो विचारत नाही.

माझ्या इंजिन प्लेटला ऑइल काढायचं जे भोक आहे ते ड्रेन बोल्टच्या बरोबर खाली नाही, डिफ ड्रॉपच्या स्पेसरमुळे प्लेट जरा पुढे सरकली आहे, त्यामुळे ऑइल आधी प्लेटवर, मग तिथून तीन दिशांनी जमिनीवर. पुढच्या वेळी प्लेट काढली की ते भोक मागच्या बाजूला अंगठ्याएवढं कानसून घेणार आहे, आणि कडेला रबराची पट्टी.